चित्रापुरती जागा सोडून चालणार नाही

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातला रहिवासी. हे पत्र कोकणातल्या कातळशिल्पांबद्दल, म्हणजे उघड्या जांभ्या कातळावर कोरलेल्या चित्रांबद्दल आहे. ते टपालाने पाठवून पोचपावती घेता आली असती. पण यातलं बरंचसं आमच्या गावकऱ्यांनी, जमीनमालकांनी आणि मुंबईत राहून इथल्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या भाऊबंदांनीही वाचायला हवं, म्हणून ते उघड लिहितो आहे.

एप्रिल २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. गावातल्या बायका भर उन्हात कातळावर बसून राहिल्या, पोलिस आले, धरपकड झाली. तेव्हा कुठे कातळशिल्पं हा शब्द राज्यभरातल्या बातम्यांत ऐकू यायला लागला. त्यावर सरकारी बाजूने एक उत्तर मिळालं, आणि ते आजही ठरल्यासारखं मिळतं: शिल्पांना धक्का लागणार नाही, तेवढी जागा सोडून बाकीचं काम होईल. माझं सगळं म्हणणं या ‘तेवढ्या जागे’बद्दल आहे.

आधी २०२२ सालाची आठवण करून देतो. त्या वर्षाच्या जानेवारीत राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी बारसू परिसरातली सुमारे १३ हजार एकर जमीन सुचवली. आणि त्याच वर्षी कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं पानसायमळ. यादी पुन्हा वाचा, त्यात बारसू आहे. एकाच सरकारच्या एका खात्याने जो सडा जगाला दाखवायला काढला, तोच सडा दुसऱ्या खात्याने कारखान्यासाठी देऊ केला. या दोन फायली मंत्रालयात कुठे तरी एकमेकींसमोर आल्या असतील का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. आल्या असतील तर त्यावर कुणी काय शेरा मारला, तो प्रसिद्ध करा. आल्या नसतील तर तेही सांगा.

सड्यावर जो कधी गेलेला नाही त्याला तो ओसाड वाटतो. महसुली दफ्तरातही त्याची नोंद पोटखराबा किंवा वरकस, म्हणजे लागवडीला फारशी उपयोगाची नसलेली जमीन. मार्च-एप्रिलमध्ये पाहिलंत तर काळपट तांबूस जांभा, वाळलेलं गवत आणि डोळे दिपवणारं ऊन, दुसरं काही नाही. अशा वेळी भर दुपारी शिल्पावर उभं राहिलं तरी ते दिसत नाही. सकाळी लवकर नाही तर ऊन कलल्यावर जावं लागतं. तिरपा उजेड कोरीव रेषेच्या कडेला अडतो, त्या काही सेंटिमीटरच्या खोबणीत सावली उतरते, आणि पायाखाली हत्तीची पाठ उमटायला लागते. कशेळीचा हत्ती असाच आहे. तो जवळजवळ १८ मीटर लांब आहे, त्याच्या अंगभर इतर प्राणी कोरलेले आहेत, आणि जमिनीवर उभ्या माणसाला तो एका नजरेत मावतच नाही. तो चालत चालत बघावा लागतो. ज्याने तो काढला त्यालाही तो वरून कधी दिसला नसेल, आणि तरी प्रमाण चुकलेलं नाही. शिल्पांच्या या दुनियेत वाघ आहेत, हरणं आहेत, शार्क आणि वाघळी मासे आहेत, आणि कोकणात आज औषधालाही न सापडणारा एकशिंगी गेंडा आहे. बारसूला एक माणूस उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन श्वापदं. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा दोन वाघांमधला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला इथे तो आठवल्यावाचून राहत नाही.

हे सगळं आपल्यापुढे आलं ते मोठ्या मोहिमांतून नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारखी रत्नागिरीची माणसं सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरली, गुराख्यांना विचारत राहिली, हातात खराटा घेऊन माती आणि गवत बाजूला करत राहिली. त्यातून हजाराहून जास्त चित्रं उजेडात आली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यातली कित्येक ठाऊक होतीच. पांडवांनी एका रात्रीत काढली असं कुणी सांगायचं, कुठे त्या जागेवर राखण, म्हणजे राखणदार देवाला नैवेद्य, द्यायची रीत होती. देवीहसोळला तर आर्यादुर्गेच्या देवळाजवळच शिल्प आहे. म्हणजे ही चित्रं हजारो वर्षं टिकली ती कुंपणामुळे नाही. आजूबाजूचा सडा सडा म्हणून राहिला, गुरं चरली, गवत कापलं गेलं, खोलगट भागात भाताचे चार वाफे झाले, आणि कुणाला त्या जांभ्याखाली हात घालावासा वाटला नाही, म्हणून ती टिकली.

आता ‘तेवढी जागा’ सोडून काय होतं ते जवळून बघा. आमच्याकडच्या चिरेखाणी, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापायच्या खाणी, तुम्हाला ठाऊक आहेत. सड्याचा वरचा थर साफ करतात, रूळ टाकतात आणि त्यावरून यंत्राची फिरती पाती सरळ रेषेत चर पाडत जातात, मग आडवे चर, मग चिरे सुटे होतात. लाल धूळ पार खालच्या वाडीपर्यंत येते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. एक थर संपला की दुसरा. काही वर्षांत सड्याच्या जागी पाणी साचलेले चौकोनी खड्डे उरतात. जांभ्याचा गुण असा की तो आत मऊ असतो आणि उघड्या हवेत घट्ट होतो. वरचं घट्ट कवच हेच कोरीव कामाचं अंग. शेजारी वीस-पंचवीस फूट खोल कापणी झाली की त्या कवचाखालून पाण्याची वाट बदलते, कडा ढासळायला लागते, डंपरच्या येण्याजाण्याने भेगा पडतात. मध्यभागी चित्र सोडलेलं असतं, फलकही लावता येईल, पण ते चारी बाजूंनी कापलेल्या बेटावर पडलेलं असतं. त्याची जमीन मेलेली असते.

आंब्याच्या नव्या बागांचंही तेच. कातळात सुरुंग लावून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायची, कलमं लावायची. दोष देण्यासाठी हे सांगत नाही, ज्याची जमीन आहे त्याला तिच्यातून चार पैसे हवेत. पण सुरुंगाच्या परवानगीआधी तो कातळ कुणी झाडून पाहिला का? गौण खनिजाचा परवाना महसूल खातं देतं. त्या अर्जाच्या वाटेत पुरातत्त्व खात्याचं टेबल लागतच नाही. रिफायनरी आली की कॅमेरे येतात, चळवळ उभी राहते, नेते येऊन शिल्पापाशी उभे राहतात. चिरेखाणीला कॅमेरा येत नाही. रिफायनरीच्या एका लढ्यात जेवढा सडा चर्चेत आला, तेवढा सडा इतर गावांत निमूटपणे कापला जातो आहे, आणि कापणारे आपलेच लोक आहेत. आमच्यातल्या आंदोलकांनाही मी हे तोंडावर सांगितलं आहे. शिल्पं ढाल म्हणून पुढे धरायची आणि प्रकल्प मागे पडला की विसरायची, हे आपल्याला शोभत नाही.

तुमचं खातं म्हणेल की कायदा स्मारकापुरताच आहे. तसं नाही. केंद्राचा १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा स्मारक आणि पुरातत्त्वीय स्थळ अशा दोन वेगळ्या गोष्टी मानतो, आणि स्थळ म्हणजे जिथे अवशेष आहेत किंवा असावेत असं मानायला सबळ कारण आहे असं क्षेत्र. त्याच्या रक्षणासाठी लागणारी लगतची जमीनही त्यात धरली आहे. राज्याचा १९६०चा कायदा त्याच धाटणीचा आहे. सड्यावर एका जागी चाळीस चित्रं सापडली असताना शेजारच्या गवताखाली आणखी असावीत असं मानायला याहून सबळ कारण कोणतं हवं? तेव्हा अधिसूचना काढताना चित्राच्या बाह्यरेषेभोवती दोरी टाकून क्षेत्रफळ मोजू नका. सडा मोजा. पाणवठे, जुन्या पायवाटा, दगडी हत्यारं मिळण्याची शक्यता असलेली कड, चित्र जिथून दिसतं ती मोकळी जागा, हे सगळं त्या स्थळाचं अंग आहे. ज्यांनी ही चित्रं कोरली ते कुठे राहत होते, काय खात होते, पाणी कुठून आणत होते, याचं उत्तर चित्रात नाही, आजूबाजूला आहे. ते उत्तर खणून फेकून द्यायचं आणि चित्र काचेत ठेवल्यासारखं ठेवायचं, याला जतन म्हणता येणार नाही.

साताऱ्याचं कास पठारही जांभ्याचंच. तिथली फुलं बघायला माणसं तिकीट काढून रांग लावतात, आणि पश्चिम घाटाच्या २०१२ सालच्या जागतिक वारसा नोंदीत त्याला जागा मिळाली. आमच्या सड्यावरही श्रावणात सीतेची आसवं फुलतात, कातळावरच्या डबक्यांत बेडकांचा संसार मांडलेला असतो, आणि सड्यात मुरलेलं पाणी एप्रिलपर्यंत खालच्या वाड्यांच्या विहिरींना पुरतं. दगड तोच. कागदावर एक वारसा झाला, दुसरा पोटखराबा राहिला.

आता राजकारणाबद्दल स्पष्ट बोलतो. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मला त्याचा मनापासून आनंद आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आमच्याच किनाऱ्यावर आहेत. पण त्या नोंदीसाठी जी यंत्रणा हलली, जो पैसा, जी माणसं आणि जी इच्छा एकवटली, ती कातळशिल्पांच्या वाट्याला का येत नाही, याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. किल्ल्याला राजा आहे, राजाला जयंती आहे, जयंतीला गर्दी आहे. कातळशिल्पांचा कुणी राजा नाही. ज्यांनी ती कोरली त्यांची जात माहीत नाही, भाषा माहीत नाही, देव माहीत नाही. कुठल्याच पक्षाला त्यांच्या नावाने मत मागता येत नाही. म्हणून आज सत्तेत असलेल्यांना ती प्रकल्पाच्या आड येणारी अडचण वाटतात आणि विरोधात असलेल्यांना भाषणाचा मुद्दा. रिफायनरी आधी नाणारला यायची होती तेव्हा, मग बारसूच्या वेळी, पक्षांनी जागा बदलल्या की भूमिकाही बदलल्या. ज्या सरकारने बारसूची जागा सुचवली त्याचेच नेते पुढे मे २०२३ मध्ये येऊन कातळशिल्पं बघून गेले. आधी विरोध करणारे नंतर समर्थक झाले. आम्ही गावात बसून हे सगळं पाहिलं आहे.

मालक नसलेल्या वारशावर मालकी सांगायला मग भलतेच लोक पुढे येतात. कुणी म्हणतं परग्रहावरून आलेल्यांनी काढली, कुणी त्यात आपल्या धर्माचं मूळ शोधतो, कुणी देवाच्या गोठण्याला होकायंत्राची सुई फिरते म्हणून चमत्कार सांगतो, आणि जांभ्यात लोखंड असतं याचा उल्लेखही करत नाही. या सगळ्याला वाव मिळतो कारण शास्त्रीय काम अपुरं आहे. शिल्पांचा काळ अजून पक्का ठरलेला नाही. मध्याश्मयुगापासून ते इतिहासकाळाच्या सुरुवातीपर्यंत अंदाज बांधले जातात. उघड्या कातळावरच्या रेषेचं वय सांगणं कठीण आहे हे मान्य, पण म्हणूनच आजूबाजूच्या गुहा, मातीचे थर आणि हत्यारं यांचं उत्खनन हवं. २०१८ मध्ये या शिल्पांच्या अभ्यासासाठी राज्य सरकारने २४ कोटींची तरतूद केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यातले किती आले, कुठल्या गावात, कशावर खर्च झाले, याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवा.

बाहेरची दोन उदाहरणं मुद्दाम देतो, कारण ‘विकास थांबवता येत नाही’ हे वाक्य आम्हाला फार ऐकवलं जातं. पोर्तुगालमध्ये कोआ नदीवर धरण बांधायचं काम चालू होतं. नदीकाठच्या उघड्या खडकांवर पुराश्मयुगातली कोरीव चित्रं असल्याचं १९९४ मध्ये जगजाहीर झालं. शाळेतली पोरं रस्त्यावर आली, निवडणूक झाली, आणि १९९५ मध्ये नव्या सरकारने चालू धरण थांबवलं. पैसा गुंतलेला होता, तरी थांबवलं. १९९८ मध्ये त्या दरीतली शिल्पस्थळं जागतिक वारसा झाली. लक्षात घ्या, धरण थांबलं तेव्हा वाचली ती दरी, सुटे सुटे खडक नव्हे. दुसरं ऑस्ट्रेलियातलं मुरुजुगा. तिथे दहा लाखांवर कोरीव चित्रं असल्याचं मानतात, आणि त्यांच्याच अंगणात वायू आणि खताचे कारखाने उभे आहेत. १९८०च्या दशकात प्रकल्पासाठी चित्रं असलेल्या शेकडो शिळा उचलून एका आवारात नेऊन ठेवल्या. आपल्या किल्ल्यांची नोंद झाली त्याच बैठकीत मुरुजुगाचीही झाली, पण चिमण्यांतून बाहेर पडणाऱ्या आम्लधर्मी वायूंनी खडकाची पृष्ठं झिजतात का, यावरचा वाद तिथे अजून मिटलेला नाही. ‘तेवढी जागा सोडून’ कारखाना उभारला की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते मुरुजुगाला जाऊन बघा. आणि त्यांच्याकडे निदान सुट्या शिळा होत्या. आमची चित्रं जमिनीच्या अंगावर आहेत, ती उचलून कुठेही नेता येणार नाहीत.

संभाव्य यादीत नाव गेलं म्हणजे संरक्षण मिळालं, असा समज गावात मुद्दाम पसरवला जातो. ते खोटं आहे. संभाव्य यादी म्हणजे आपल्या सरकारने जगाला दिलेला शब्द, त्याला कायद्याचं बळ नाही. मुख्य यादीत जायचं तर स्थळाभोवती राखीव पट्टा दाखवावा लागतो, व्यवस्थापन आराखडा द्यावा लागतो आणि स्थळ अभंग आहे हे पटवावं लागतं. तज्ज्ञ पाहणीला आले आणि त्यांनी चित्राच्या शेजारी चिरेखाण पाहिली, तर आपण त्यांना काय सांगणार?

जमिनीचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे आणि त्यावर सरकारने आजवर मौन पाळलं आहे. सड्यावरची बहुतेक जमीन खासगी आहे. आमच्या घराण्याचंही नाव एका सामाईक सातबाऱ्यावर आहे, आणि त्यावरचे सहहिस्सेदार मुंबई-ठाण्यापासून बडोद्यापर्यंत विखुरलेले आहेत. अशा जमिनीत शिल्प सापडलं की मालकाला पहिली भीती वाटते ती जमीन अडकण्याची. मग तो बोलतच नाही. काही ठिकाणी रातोरात जेसीबी फिरवायचा मोह होतो तो याच भीतीपोटी. मालकाला शत्रू ठरवून ही शिल्पं वाचणार नाहीत. त्याला दरवर्षी भाडं द्या, गवताचा आणि चराईचा हक्क त्याच्याकडेच ठेवा, राखणदार म्हणून गावातल्या मुलांना पगारी नेमा, बघायला येणाऱ्यांकडून जे शुल्क घ्याल त्यातला वाटा ग्रामपंचायतीला द्या. उक्षीच्या लोकांनी पुढाकार घेऊन तिथल्या कोरीव हत्तीभोवती जांभ्याचाच गडगा घातला. गावाला विश्वासात घेतलं तर गाव काय करू शकतं ते तिथे जाऊन बघता येतं.

रोजगाराचं म्हणाल तर तो प्रश्न आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त टोचतो. वाड्यावाड्यांत घरं बंद आहेत, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात. कारखाना हवा म्हणणारा माझा शेजारी मूर्ख नाही आणि गद्दारही नाही. पण शिल्पं विरुद्ध नोकरी अशी मांडणी करून त्याला माझ्यासमोर उभा केला कुणी? जागा निवडण्याआधी सड्यांचा नकाशा झाला असता, तर हे भांडण गावात शिरलंच नसतं.

गोव्याने कुशावती नदीच्या काठचं, १९९३ मध्ये उजेडात आलेलं पानसायमळ सांभाळलं आहे. तिथेही स्थानिकांनीच ते दाखवून दिलं होतं. खाणींनी पोखरलेल्या सांगे तालुक्यात एक नदीकाठ तरी शिल्लक आहे तो त्यामुळे. यादीत ती जागा आणि आमचे सडे एकत्र आहेत, तेव्हा दोन राज्यांच्या खात्यांनी एकत्र बसून एकच आराखडा करायला कोणती अडचण आहे, तेही कळवा.

पावसाळा संपून गवत वाळायच्या आत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, सड्यांची पाहणी सगळ्यांत चांगली होते. येत्या हंगामात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या प्रत्येक सड्याची पुरातत्त्व, महसूल आणि खनिकर्म या तिन्ही खात्यांनी मिळून पाहणी करावी, सोबत गावातला एक गुराखी आणि एक शिक्षक घ्यावा, आणि तयार झालेला नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. तोपर्यंत ज्या सड्यांवर शिल्पांची नोंद आहे तिथे चिरेखाणीचा नवा परवाना, सुरुंगाची परवानगी आणि कोणत्याही प्रकल्पाची मोजणी थांबवावी. संभाव्य यादीतल्या आठ महाराष्ट्रीय स्थळांचा राखीव पट्टा किती, हे गट नंबरांसह जाहीर करावं. बारसूचा आधी करावा.

आमच्या ग्रामसभेत हे पत्र वाचून दाखवणार आहे. तुमचं उत्तर आलं तर तेही तिथेच वाचलं जाईल.

आपला,
राजापूर तालुक्यातील एक सहहिस्सेदार